राग अडवा, राग जिरवा



‘अधिकाऱ्यांनी कामाच्या ठिकाणी मनाचा तोल कसा सांभाळावा’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा आधी हसूच आलं. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. कविता करतो. पोटासाठी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा वर्षं शाखाधिकारी म्हणून. व्यवस्थापनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण तोल कसा जातो याचा एक पक्का दाखला माझ्यापाशी आहे. तोच आधी सांगतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा चलनातून गेल्या. देशातल्या चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के हिस्सा या दोन नोटांचा होता. १० तारखेला बँका उघडल्या आणि दारात रांगा लागल्या. शनिवार-रविवारही आम्ही काउंटरवर होतो. नव्या दोन हजारांच्या नोटेचा आकार वेगळा, त्यामुळे एटीएमचे खण बदलून घेईपर्यंत ती यंत्रं तिला घेईनात. नियम तर रोज नवे. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार होती, मग साडेचार हजार झाली आणि १८ नोव्हेंबरपासून एकदम दोन हजारांवर आली.

त्या १८ तारखेची ही गोष्ट. तालुक्याच्या गावातली आमची शाखा. पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मी सांगत होतो, साडेचार नाही, आता दोनच हजार मिळतील. लोक मला शिव्या घालत होते आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. तेवढ्यात वरच्या कार्यालयातून फोन आला. कालचा तक्ता अजून पोचला नाही म्हणून साहेबांनी मला खडसावलं. मी “हो सर, हो सर” म्हणत फोन ठेवला. पाठोपाठ आमचे रोखपाल समोर आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणायची.

“साहेब, दहा मिनिटं काउंटर बंद ठेवू का?”

मी ओरडलो. “बाहेर दोनशे माणसं उभी आहेत आणि तुम्हाला दहा मिनिटं हवीत? जमत नसेल तर घरी बसा!” काच असली तरी आवाज रांगेपर्यंत गेला. दोघं-चौघं हसलेही. अण्णा काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसले आणि पुन्हा नोटा मोजू लागले.

तीनच्या सुमाराला ते खुर्चीतच कलले. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरणारे. अण्णांना मधुमेह होता. सकाळी इन्शुलिन घेऊन आले होते आणि पोटात कण नव्हता. डबा काउंटरखाली तसाच पडलेला. आमच्या शिपायानं धावत जाऊन समोरच्या टपरीवरून साखर आणली, पाण्यात कालवून पाजली, म्हणून निभावलं. संध्याकाळी मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, “अण्णा, जेवायचं होतं तर सांगायचं नाही का?”

ते म्हणाले, “दहा मिनिटं कशाला हवीत, हे तुम्ही विचारलंच नाही, साहेब.”

श्रोतेहो, मी आज जे बोलणार आहे ते या एका वाक्यावरचं भाष्य आहे, एवढंच समजा.

आपल्याकडे म्हण आहे, वड्याचं तेल वांग्यावर. माझा राग अण्णांवरचा नव्हताच. तो वरच्या साहेबांवरचा होता, रोज बदलणाऱ्या नियमांवरचा होता. पण वर बोलायची सोय नव्हती आणि समोर अण्णा होते. कचेरीतल्या रागाचा गुणच पाण्यासारखा. तो नेहमी उताराकडे वाहतो. मोठा साहेब छोट्या साहेबावर, छोटा साहेब कारकुनावर, कारकून शिपायावर किंवा रांगेतल्या म्हातारीवर आणि शिपाई घरी जाऊन बायकापोरांवर. ज्याच्यापुढे कुणीच नाही, त्याच्या अंगणात सगळ्यांचं पाणी तुंबतं. अधिकारी या उताराच्या वरच्या अंगाला उभा असतो. म्हणून त्याचा तोल ही त्याची खाजगी बाब राहत नाही.

मनाची अवस्था एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. अमेरिकेतल्या सिगल बारसाड या संशोधक बाईंनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना बोनसची रक्कम वाटून देण्याचं काम दिलं होतं. प्रत्येक गटात नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी गुपचूप पेरलेला होता. तो ठरवून कधी प्रसन्न, कधी चिडचिडा वागायचा. त्याची मनःस्थिती गटातल्या इतरांत पसरली आणि जिथं ती प्रसन्न होती, तिथं भांडणं कमी होऊन सहकार्य वाढलं. एका साध्या सभासदाची ही कथा, तर ज्याच्या चेहऱ्याकडे सकाळी सगळी शाखा बघते, त्या अधिकाऱ्याचं काय?

मग अधिकाऱ्यानं राग गिळावा का? बहुतेकांना समतोलाचा अर्थ तोच वाटतो. चेहरा कोरा, आवाज थंड, आत वणवा. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकलेली बिलं वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास त्यात आहे. एकाला पगार हसण्याचा मिळतो, दुसऱ्याला कठोर दिसण्याचा. यालाही त्यांनी श्रमच म्हटलं, भावनिक श्रम. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला तर दोन्ही कामं एकाच खुर्चीत करावी लागतात. ठेवीदारासमोर हसू आणि थकबाकीदारासमोर कपाळाला आठी! संध्याकाळी घरी येतो तो चेहरा नेमका कोणाचा, हे त्यालाही कळत नाही. अंगमेहनतीसारखी याही श्रमाची थकण असते. पण हजेरीपटावर तिच्यासाठी रकाना नसतो.

राग नुसता दाबला तर काय होतं? जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये काही लोकांना शस्त्रक्रियेची अंगावर काटा आणणारी चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, हे एक तांत्रिक काम आहे अशा नजरेनं बघा. पहिल्या गटाचे चेहरे शांत राहिले, पण आतली किळस तेवढीच राहिली, शरीरावरचा ताण उलट वाढला. नजर बदलणाऱ्यांना किळसच कमी जाणवली. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. चेहरा सांभाळण्यात गुंतलेल्या माणसांना त्या वेळी समोर काय घडलं, कोण काय बोललं, हे नंतर कमी आठवतं. सगळी शक्ती चेहऱ्याच्या पहाऱ्यावरच खर्च होते ना! ज्या अधिकाऱ्याला ऐकायचंच असतं, त्याला हे परवडणारं नाही.

बरं, मग सगळं बाहेर ओकून मोकळं व्हावं का? “मी मनात काही ठेवत नाही, बोलून टाकतो,” असं अभिमानानं सांगणारे साहेब तुम्ही पाहिले असतील. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हेही तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ज्याचा राग आला त्याला आठवत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त निघाला, शांत बसलेल्यांचा कमी. म्हणजे दाबूनही भागत नाही आणि ओकूनही.

इथं मला आपल्या मातीतला एक शब्द आठवतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राच्या गावागावांत भिंतींवर रंगवलेली असायची. कवी असल्यामुळं माझं लक्ष त्यातल्या ‘जिरवा’वर अडकतं. आपल्या कचेऱ्यांतही हा शब्द रोज ऐकू येतो. “थांब, त्याची चांगली जिरवतो.” तिथं आपण दुसऱ्याची जिरवतो. शेतकरी मात्र आपल्या रानात पडलेलं पाणी आपल्याच रानात जिरवतो. शब्द एकच, पण दिशा उलटी. माझ्या मते अधिकाऱ्याचा भावनिक समतोल म्हणजे हा दिशाबदल. आपल्या वाट्याला आलेला राग दुसऱ्यावर न सोडता, धरणासारखा साठवूनही न ठेवता, आपल्यात जिरवणं.

पाणलोटाचं काम करणारे सांगतात की धावणारं पाणी आधी चालतं करायचं, मग थांबवायचं आणि मग मुरवायचं. रागाचंही तसंच आहे.

पहिली पायरी, धावता राग चालता करण्याची. राग आला की शरीर लढाईची तयारी करतं. अॅड्रिनलीन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी याचं वर्णन करून ठेवलं आहे. वाघ समोर आला तर ही तयारी उपयोगाची. तक्ता उशिरा पोचला म्हणून ती काय कामाची? पण शरीराला वाघ आणि तक्ता यांतला फरक कळत नाही. तो आपण कळवायचा आणि त्याला थोडा वेळ लागतो. माझे वडील शिंपी होते. शाळा चौथीपर्यंतच. ते म्हणायचे, “उभा असताना राग आला तर बस. बसूनही जात नसेल तर आडवा हो.” पैगंबरांची ही शिकवण त्यांनी मशिदीत ऐकलेली होती. लहानपणी मला ती नुसती धार्मिक गोष्ट वाटायची. आता तिच्यातलं शहाणपण कळतं. उभा माणूस हात उगारायला एक पाऊल जवळ असतो. साहेबाला कचेरीत आडवं होता येणार नाही, पण बसता येतं, पाणी पिता येतं, श्वास घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडता येतो. लांब उच्छ्वासानं नाडी खरोखरच मंदावते.

वडिलांची दुसरी गोष्ट इस्त्रीची. कोळशाची इस्त्री तापली की ते ती गिऱ्हाइकाच्या कापडावर कधीच थेट ठेवत नसत. आधी एका चिंधीवर टेकवून बघत. चिंधी करपली तर थांबत. रागाच्या भरात लिहिलेला मेमो, ई-मेल किंवा आजकालचा व्हॉट्सअॅपचा संदेश ही तापलेली इस्त्रीच असते. तो लिहावा, पण चिंधीवर. म्हणजे स्वतःच्या वहीत. अब्राहम लिंकन यांनी हेच केलं होतं. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही सेनापती मीड यांनी शत्रूच्या सैन्याला निसटू दिलं, म्हणून लिंकननी त्यांना कडक पत्र लिहिलं. पण ते पाठवलं नाही. पाकिटावर ‘पाठवलं नाही, सही केली नाही’ अशी नोंद करून ठेवून दिलं. देश यादवी युद्धात जळत असताना एवढा धीर धरता येतो, तर शाखेच्या तक्त्यासाठी एक रात्र थांबायला काय हरकत आहे?

दुसरी पायरी, राग थांबवून त्याचं नाव विचारण्याची. आपण हल्ली सगळ्याला एकच शब्द वापरतो, टेन्शन. मराठीत किती शब्द आहेत बघा. चीड वेगळी, संताप वेगळा, वैताग वेगळा. स्वतःवरच उलटतो तो त्रागा. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तो जळफळाट. हक्काच्या माणसावर धरतो तो रुसवा. ही भाषेची श्रीमंती कवितेपुरती नाही, ती औषधाच्याही कामाची आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नेमका शब्द निवडताना त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाची खळबळ कमी झाली. धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. म्हणजे नाव दिलं की घंटा थोडी मंदावते.

त्या १८ तारखेच्या रात्री मी वहीत लिहायला बसलो. ‘मला अण्णांचा राग आला’ असं लिहिलं आणि खोडलं. खोटं होतं ते. ‘मला नियमांचा राग आला’ लिहिलं, तेही पुरेसं खरं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘मी घाबरलो होतो.’ रोकड कमी पडली तर? गर्दीनं काच फोडली तर? बनावट नोटा निघाल्या तर? आणि तक्त्यावरून माझ्यावर ठपका आला तर? साहेबाच्या खुर्चीत भीतीला जागा नसते, म्हणून ती रागाचा कोट चढवून बाहेर येते. भीती ओळखली असती तर मी ओरडलो नसतो. कदाचित “अण्णा, काय करू या?” असं म्हणालो असतो.

तिसरी पायरी, जिरवण्याची. ग्रॉस यांच्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटासारखं नजर बदलून बघण्याची. याचा अर्थ स्वतःची फसवणूक नव्हे. घडलेल्या गोष्टीचा दुसरा अर्थही शक्य आहे, एवढं मान्य करणं. “हा मुद्दाम उशीर करतोय” या वाक्याच्या शेजारी “याच्या घरी काही झालं असेल का?” हे वाक्य ठेवणं. दोन्हीतलं खरं कोणतं, हे ठरवायचा एकच मार्ग आहे, विचारणं. “दहा मिनिटं कशाला हवीत?” हे चार शब्द म्हणजे तो चर, ज्यात माझा राग जिरला असता. पाणलोटातही एक मोठं धरण बांधून भागत नाही, उतारभर सलग समतल चर खणावे लागतात. दिवसाचंही तसंच. वर्षातून एकदा पर्यटनाला जाऊन समतोल येत नाही. फोन ठेवल्यावर आणि पुढच्या माणसाला आत बोलावण्यापूर्वीचा एक मिनिट, दुपारचं टेबलापासून दूर बसून खाल्लेलं जेवण, सुटल्यावर गाडी सुरू करण्याआधीची दोन मिनिटं, हे आपले छोटे छोटे चर.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. सगळाच राग जिरवायचा नसतो. कुणी गरिबाच्या खात्यातून पैसे काढले, कुणी एखाद्या बाईला कचेरीत त्रास दिला, तर तिथं साहेबाला राग आलाच पाहिजे आणि तो वरच्या दिशेलाही जायला हवा. वरचा साहेब अशक्य मुदती देत असेल, तर खालच्यांवर ओरडण्यापेक्षा वर लेखी कळवण्याला जास्त धैर्य लागतं. उतारावरचं पाणी शेंदून वर चढवायला कष्ट पडणारच. आणि कामाचा ताण महिनोन्महिने उतरतच नसेल, झोप उडाली असेल, तर तो केवळ मनोबलाचा प्रश्न राहत नाही. कामामुळं येणाऱ्या अशा थकव्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात घेतली. तो आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे, असंही स्पष्ट केलं. म्हणजे दुरुस्ती फक्त माणसात नव्हे, कामाच्या रचनेतही हवी. स्वतःला सावरणं कठीण वाटत असेल तर डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली, क्रमांक १४४१६. साहेबांनीही तो फिरवायला हरकत नाही!

एवढं करूनही कधीतरी बांध फुटणारच. मग काय करायचं, हे मला अण्णांनी शिकवलं. त्या संध्याकाळी केबिनमध्ये मी त्यांची माफी मागितली. ते जरा थांबले आणि म्हणाले, “साहेब, राग येऊ देऊ नका, पण एक सांगू? ओरडलात सगळ्यांसमोर. माफी मात्र दार लावून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर वर जाण्याआधी, मी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं आणि म्हणालो, “काल मी अण्णांवर ओरडलो. चूक माझी होती.” सांगताना जीभ जड झाली. बारा वर्षांत इतकं अवघड वाक्य मी बोललो नव्हतो. वाटलं, आता आपला वचक गेला. घडलं उलटंच. त्या दिवसापासून माणसं माझ्याकडे वाईट बातम्या वेळेवर आणू लागली. रोकड जुळत नाही, कुलूप नीट लागत नाही, आईला दवाखान्यात न्यायचंय, सगळं. अधिकाऱ्याला आणखी काय हवं असतं? ज्याला माणसं भितात त्याला चांगल्याच बातम्या मिळतात आणि चांगल्या बातम्यांवर शाखा बुडते.

जेवणाच्या वेळा आम्ही त्याच दिवशी कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. पाळीपाळीनं एकेक काउंटर वीस मिनिटं बंद. रांगेतल्या लोकांना कारण सांगितलं. एकाही माणसानं तक्रार केली नाही.

अण्णा आता निवृत्त आहेत. दर ईदला घरी येतात. त्यांच्यासाठी शीरखुर्मा बिनसाखरेचा वेगळा काढलेला असतो. खाताना ते दर वर्षी एकदा विचारतात, “साहेब, दहा मिनिटं बसलो तर चालेल ना?” आणि आम्ही दोघंही हसतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. सोमवारी कामावर गेल्यावर कुणी दहा मिनिटं मागितली, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी विचारा, “कशाला हवीत?” फक्त, विचारताना आवाज हळू असू द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)